बंद दिवसाचं दळण

नंदुरबार सुटलं तसे डब्यातल्या लोकांनी पाय वर घेतले आणि भाकरीची फडकी सोडली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या गाडीतून सुरतेला काही बघायला जाणारा मी एकटाच आहे. बाकी सगळे कामाला निघालेले. कुणी लूमवर (यंत्रमागावर), कुणी रंगाच्या मिलमध्ये, कुणी साडीवर टिकल्या चिकटवायला. समोरच्या गृहस्थांनी मला विचारलं, कुठल्या खात्यात? मी म्हणालो, मी मीटर बघायला चाललोय. त्यांनी भाकरीचा घास हातात धरून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग शेजारच्याशी बोलायला लागले. त्यांचंही बरोबरच होतं. मीटर बघायला रेल्वेनं परगावी जाणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्याचं असं झालं. आमच्या तालुक्यात विजेची सहकारी संस्था आहे. वीज मंडळाकडून वीज घ्यायची आणि गावोगाव वाटायची, हे संस्थेचं काम. मीटर तपासायचे, हे माझं. घेतलेली वीज आणि लोकांच्या मीटरवर दिसणारी वीज यांचा मेळ कधीच बसत नाही, आणि मधली कुठे जाते हे दरवर्षी सर्वसाधारण सभेत मला उभं करून विचारतात. जशी काही मी ती घरी नेतो. या वर्षी आमच्या अध्यक्षांनी कुठल्याशा बैठकीत ऐकलं की सुरतेकडच्या खेड्यांच्या लाइनीवर नवे इलेक्ट्रॉनिक मीटर बसवतायत. त्यात चकती नाही, फिरणारं काही नाही, आणि केव्हा किती वीज वापरली ते सगळं ते मीटर लक्षात ठेवतं. अध्यक्ष मला म्हणाले, "जाऊन बघून या आणि एका वाक्यात सांगा, घ्यायचे की नाही." एका वाक्यात, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण ते मला ओळखून आहेत.

नवापूरला गाडी बराच वेळ थांबली. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. मी चहा महाराष्ट्रात घेतला, पीत पीत चार पावलं टाकली आणि तो गुजरातेत संपवला. चवीत काही फरक पडला नाही. पुढे व्यारा, बारडोली करत, उसाच्या शेतांतून रमतगमत गाडी उधन्याला आली आणि सगळा डबा एकदम रिकामा झाला. मीही त्या लोंढ्याबरोबर उतरलो.

घरून निघताना मी गुजरातीची चार वाक्यं पाठ केली होती. पहिलं वाक्य रिक्षावाल्यावर टाकलं. तो हसला आणि आमच्या खानदेशच्या अहिराणीत म्हणाला की काका, साधं बोला, मी शिंदखेड्याकडचा आहे. दुसरं पानवाल्यावर टाकलं, तो अमळनेरचा निघाला. तिसरं आणि चौथं मग मी वापरलंच नाही. संध्याकाळी लॉजवर बसलो तर चारी बाजूंनी लूमची खडखड चाललेली, इतकी सलग की थोड्या वेळानं ती ऐकू येईनाशी झाली. प्लेगच्या साथीनंतर सुरत झाडूनपुसून चकाचक केलीय असं वर्तमानपत्रात वाचलं होतं. ते निदान मोठ्या रस्त्यांपुरतं खरं आहे. लॉजच्या बोळाची पाळी अजून यायची असावी.

सकाळी नाश्त्याला लोचो (वाफवलेल्या डाळीचा मऊ लगदा, वर तेल, शेव आणि कांदा) मागवला. बशी आली तेव्हा मला वाटलं, ढोकळा बिघडलाय आणि परप्रांतीय बघून माझ्या गळ्यात मारतायत. मी जरा आवाज चढवला. मालकानं शांतपणे आजूबाजूच्या टेबलांकडे हात केला. सगळेच तो बिघडलेला ढोकळा बोटं चाटून खात होते. मग मीही खाल्ला, आणि दुसरी बशी मागवताना मान खाली घातली.

माझं खरं काम पलसाण्याकडे होतं. बस हायवेनं निघाली. दोन्ही बाजूंना कापड रंगवण्याच्या मिली, त्यांची धुराडी, आणि रस्त्याकडेच्या नाल्यातून त्या दिवशीचा रंग वाहत होता. गुलाबी. फाट्यावर उतरलो आणि मागून आलेल्या ट्रकनं तो गुलाबी माझ्या पांढऱ्या पँटवर गुडघ्यापर्यंत चढवला. पुढचे तीन दिवस मी त्याच पँटमध्ये काढले, कारण दुसरी मी आणलीच नव्हती. वीज खात्याच्या कचेरीत शिरलो तेव्हा शिपायानं मला मिलचा कामगार समजून मागच्या दारानं यायला सांगितलं.

तिथले इंजिनिअर देसाईभाई. वय माझ्याएवढंच, पन्नाशीच्या आतबाहेरचं. चहाचे शौकीन आणि बोलण्यात अतिशय गोड. हिंदी बोलता बोलता गुजरातीत उतरायचे आणि मी मान डोलावतोय असं दिसलं की तिथेच राहायचे. त्यांनी मला नवं मीटर हातात दिलं. मी सवयीनं ते कानाला लावलं. जुनं मीटर चालू असलं की बारीक गुणगुणतं, त्यावरून मला त्याची तब्येत कळते. हे गप्प. चकती बघायला काचेत डोकावलो तर आत आकडे, आणि कोपऱ्यात एक लाल ठिपका लुकलुकत होता. देसाईभाई म्हणाले, वीज वापरली की तो ठिपका लुकलुकतो. मी विचारलं, मग वापरली नाही तर? तर स्थिर. मग बिघडलं तर? तेही वेगळं काहीतरी दिसतं, ते पुस्तकात आहे. मी सारखं हो हो म्हणत होतो. आत माझी अशी अवस्था होती की वीस वर्षं नाडी बघणाऱ्या वैद्यापुढे कुणीतरी नाडी नसलेला रोगी आणून बसवावा.

मग त्यांनी खरी गंमत दाखवली. मीटरच्या तोंडाशी एक छोटं यंत्र टेकवायचं, सगळी माहिती त्यात ओढून घ्यायची आणि कचेरीत आणून कागदावर छापायची. कागदावर डोंगररांग येते. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळेला किती वीज ओढली, ते सगळं उंचसखल दिसतं. एक कागद पिठाच्या गिरणीचा होता. गिरणीला इथे घंटी म्हणतात. त्यात रोज दातेरी टेकड्या होत्या, गिऱ्हाईक आलं की वर आणि गेलं की खाली. दर शनिवारी सपाट. शनिवार हा त्या भागातल्या सगळ्या कारखान्यांचा वीजबंदीचा वार आहे, म्हणजे लाइन चालू पण मोटर लावायची नाही, आणि लहानशी गिरणीही त्यातच धरतात. पण एका शनिवारी मात्र दुपारपासून दिवेलागणीपर्यंत एक सलग, सपाट माथ्याचा डोंगर उभा होता.

देसाईभाईंनी त्याच्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "जुओ (बघा). घंटी अशी चालत नाही. असे लूम चालतात."

त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो. गिरणीच्या भिंतीला भिंत लागून लूमचं शेड आहे. शेडचाही शनिवार बंद, आणि त्याच्या नव्या मीटरवर त्या शनिवारी शून्य. म्हणजे गिरणीवाल्या बाईनं आपल्या मीटरवरून शेजारी वायर दिली. चार लूम लावले तर डोंगराची उंची बरोबर तेवढीच येते. दुसऱ्याला वीज दिली तर कनेक्शन तोडायचं, हा नियम. पण बाईला विचारलं तर तिनं साफ नाही म्हटलं. वायर दिली नाही, आणि बंद वारी माझी गिरणी चाललीच नाही, असं देवाची शपथ घेऊन सांगितलं. देसाईभाईंना राग होता तो त्या शपथेचा. गिरणी जरा चालवली म्हणाली असती तर त्यांनी समज देऊन सोडलं असतं. डोंगर समोर असताना शपथ घेणाऱ्या माणसाला काय सोडायचं? उद्या सकाळी तोडायला जायचंय, तुम्हीही चला, नवं मीटर चोरी कशी पकडतं ते डोळ्यांनी बघाल, असं म्हणून त्यांनी तिसरा चहा सांगितला.

मी मनात म्हटलं, झालं आपलं काम. सभेत सांगायला हेच पाहिजे होतं.

गिरणी हायवेपासून आत, मिलमधल्या कामगारांच्या वस्तीत होती. वस्ती पाऊण खानदेशी. दारात रांगोळ्या, पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, ओट्यावर बायका एकमेकींच्या पोरांना अहिराणीत रागवत होत्या. मला क्षणभर कळेना की मी आलोय की अजून निघायचाय. गिरणीवाली म्हणजे ताराबाई, चाळिशीची, पिठानं पापण्यांपर्यंत पांढरी. नवरा कॉटवर पडून होता. लूमवर वीस वर्षं काढून त्याची छाती निकामी झाली होती. घर होतं ते त्या एका मोटरीवर. खांबावर चढायला वायरमन शिडी लावतोय हे बघून ती कॉट आणि शिडी यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

मी सहज तिला मराठीत विचारलं, बाई तुम्ही कुठल्या? तिनं माझ्याकडे, मग माझ्या गुलाबी पँटकडे पाहिलं.

"भाऊ, तू कोन्ता गावना शे?" (तू कोणत्या गावचा?)

मी गाव सांगितलं. तिच्या माहेराची शीव आमच्या शिवेला लागून. माझ्या चुलत्यांना ती ओळखत होती, आमच्या बाजारात तिचा बाप बैल विकायला यायचा. माहेरकडचा माणूस दारात आलाय म्हटल्यावर तिनं आधी पाणी आणलं, मग भाकरी टाकायला बसली, आणि कनेक्शन तुटतंय ही गोष्ट जणू भाकरीनंतरची झाली. देसाईभाई घड्याळ बघायला लागले. मी त्यांना बाजूला घेतलं आणि एक दिवस मागितला. का मागितला, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. संशय मलाही होता. पण जिनं मला भाऊ म्हणून पाणी दिलं तिची वायर तुटताना भाकरी कशी खायची, एवढंच डोक्यात होतं. देसाईभाई भले गृहस्थ. उद्या दुपारपर्यंत, म्हणाले, आणि शिडी घेऊन गेले.

जेवताना मी तिला उलटसुलट विचारलं. वायर दिली का? नाही. शेजारी लूम चालले का? नाही, शेडवाला त्या दिवशी गावी होता. मग डोंगर कुठून आला? कसला डोंगर? मी तिला कागदाची गोष्ट समजावून सांगितली. तिला काही कळलं नाही, आणि समजावता समजावता मलाही ती कमीच कळायला लागली. मीटर खोटं बोलतंय असं धरावं तर माझा प्रवास फुकट. बाई खोटं बोलतेय असं धरावं तर ती समोर बसून मला ठेचा वाढतेय. डोकं अगदी चालेना.

भिंतीवर मराठी कॅलेंडर होतं. देसाईभाईंनी डोंगराची तारीख सांगितली होती ती बघायला मी श्रावणाचं पान उलटलं. इंग्रजी तारखेवर बोट ठेवलं आणि वरची ओळ वाचली. आदल्या दोन-तीन दिवसांत नागपंचमी. दुसऱ्या दिवशी रविवार. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार, आणि मी खानदेशात जन्मलेला माणूस त्या कागदासमोर काल दोन तास बसून राहिलो होतो.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. त्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई ही देवी बसते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याचे रोट (नैवेद्याच्या जाड पोळ्या) करायचे. आदल्या दिवशीचं ते दळण साधं नाही. गिरणी धुऊन पुसून घ्यायची, त्यात दुसरं धान्य त्या दिवशी पडू द्यायचं नाही, आणि एकदा सुरू केली की वस्तीतलं शेवटचं दळण होईपर्यंत थांबवायची नाही. गिरणीवाला त्याची दळणावळ घेत नाही. घरचे गहू भाऊबंदांत वाटून घ्यावेत तसं ते आहे.

मी ताराबाईला विचारलं, कानबाईच्या आदल्या दिवशी तू गिरणी चालवलीस ना?

"नही भाऊ. ते कानबाईनं दयन व्हतं. गिरनी ते बंदच व्हती." (ते कानबाईचं दळण होतं. गिरणी तर बंदच होती.)

म्हणजे दुपारपासून मोटर फिरत होती? हो, फिरत होती की. बायकांची रांग गल्लीपर्यंत गेली होती. मग गिरणी चालली म्हण ना. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी एवढा शिकलेला आणि माहेरकडचा असून काहीतरी अभद्र बोललोय. गिरणी चालवणं म्हणजे धंदा. कानबाईच्या गव्हावर तिनं धंदा केला असं ती स्वतःच्या तोंडानं म्हणणार नव्हती. नवऱ्यानं कॉटवरून मान हलवली. त्यालाही यात समजावण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं.

मी हात धुतले आणि अंगणात जाऊन बसलो. मला हसू येत होतं. बाई खरं बोलत होती. मीटरही खरं बोलत होतं. आणि दोघांचं खरं एकत्र केलं की चोरी होत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन कचेरीत गेलो. ती एकटी आली नाही. वस्तीतल्या सात-आठ बायका नऊवारी, पाचवारी सावरत बरोबर निघाल्या, कारण दळण त्यांचंही होतं. शिपायानं या वेळी आम्हा सगळ्यांनाच मागच्या दारानं घेतलं. देसाईभाईंच्या खोलीत बसायला खुर्च्या पुरेनात, म्हणून कुणीच बसलं नाही. मी त्यांना हिंदीत कानबाई समजावली. सव्वा मूठ, रोट, धुतलेली गिरणी, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते. कानबाईच्या मिरवणुकीनं रस्ता अडतो एवढं त्यांना माहीत होतं, पण रोटांसाठी गिरणी लागते हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. माताजीचा प्रसाद, म्हणजे प्रश्नच मिटला. बाईनं फक्त सांगायचं की त्या दिवशी घंटी चालवली. तेवढं लिहून घेतो आणि वायरचा आरोप काढून टाकतो.

ताराबाई म्हणाली, गिरणी बंद होती.

देसाईभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा समजावलं. त्यांनी बाकीच्या बायकांना एकेकीला विचारलं. तुमचं दळण तिथे झालं? झालं. त्या दिवशी घंटी चालू होती? नाही, बंद होती. शनिवार होता ना, बंदच असते. शेवटच्या बाईपर्यंत हेच. देसाईभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. इतका वेळ मी एकटाच गोंधळलेला होतो. आता सोबत मिळाली म्हणून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

ते तिला जरा कडक आवाजात म्हणाले की मीटरमध्ये सगळं आलंय, मीटर खोटं सांगत नाही. त्यावर ती अगदी साधेपणानं बोलली. वाद घालावा अशा आवाजात नाही, खरंच विचारावं तशी.

"ती पेटी तठेच व्हती ना? आमना मोरे व्हती. मंग तिनी दखं नही का, कसानं दयन शे ते?" (ती पेटी तिथेच होती ना? आमच्या समोर होती. मग तिनं पाहिलं नाही का, कशाचं दळण आहे ते?)

मी भाषांतर केलं. पंखा फिरत होता. मी मीटर तपासण्यात उभी हयात घालवली आहे, पण मीटरनं काय पाहायला हवं होतं आणि ते त्याला दिसलं नाही, असा विचार माझ्या डोक्याला कधी शिवला नव्हता. देसाईभाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मारे शुं लखवुं, साहेब?" (मी काय लिहू, साहेब?)

मग चहा आला. सगळ्या बायकांना मिळाला. बशीतून चहा पिता पिता देसाईभाई एकदम थांबले. मला वाटतं तो माणूस चहाशिवाय विचारच करू शकत नसावा. त्यांनी ताराबाईला विचारलं, "मोटर फरी?" (मोटर फिरली?)

फिरली, ताराबाई म्हणाली.

"घंटी चाली?"

नाही.

"बस," ते म्हणाले, आणि कागद ओढून तसंच लिहिलं. मोटर फिरली. घंटी बंद होती. दुसऱ्या कुणाला वीज दिली नाही. खाली ताराबाईनं अक्षरं जुळवत सही केली. त्यात तिला न पटणारं काहीच नव्हतं. हा कागद वरच्या साहेबाला कसा समजावणार, असं मी विचारलं. देसाईभाईंनी हात वर केले. पण कनेक्शन राहिलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पदर डोक्यावर घेतले आणि कामं खोळंबली म्हणून भराभर निघाल्या. मी निघालो तेव्हा देसाईभाईंनी मला विचारलं, पुढच्या वर्षी कानबाई कोणत्या तारखेला? मी म्हणालो, तारीख नसते, नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. त्यांनी मीटरची माहिती ओढणाऱ्या त्या छोट्या यंत्राकडे बघितलं आणि ते खणात ठेवून दिलं.

परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून ताराबाईच्या घरी पुन्हा जावं लागलं. माहेरच्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून तिनं शेंगदाण्याची चटणी आणि मुलांसाठी साडीच्या तुकड्यांची पिशवी बांधून दिली. गिरणी चालू होती. दळण संपलं तसं तिनं पट्टा काढला आणि मीटरच्या त्या लाल ठिपक्याकडे बघत उभी राहिली. काल तिला त्याचं काही नव्हतं. आज ती त्याच्याकडे दारात बसलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

तिनं सांगितलं की पुढच्या श्रावणात ती रोटांचं दळण इथे करणार नाही. ज्या पेटीला कानबाई कळत नाही तिच्यासमोर ते गहू टाकावेत असं तिच्या मनाला वाटेना. नवऱ्याशीही तिचं बोलणं झालं होतं. आदल्या आठवड्यात माहेरी जायचं, तिथल्या गिरणीवर दळायचं आणि पीठ घेऊन यायचं. वस्तीतल्या ज्यांना द्यायचे त्यांनी आपापले गहू तिच्याजवळ द्यावेत. मग पिशवी माझ्या हातात देताना तिनं विचारलं.

"आपला गावले ही पेटी नही ना, भाऊ?" (आपल्या गावाला ही पेटी नाही ना?)

तिच्या माहेराला वीज देते ती आमची संस्था. मी कशासाठी आलोय, हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं. माहेरकडचा माणूस संकटात देवासारखा आला, एवढंच तिनं धरलं होतं. मी म्हणालो, नाही. त्या दिवशी ते खरंच होतं.

गाडी बारडोलीला आली, व्यारा गेलं, नवापूरला मी या वेळी चहा घेतला नाही. एका वाक्यात काय सांगायचं ते जुळवत होतो. मीटर चांगलं आहे. चुकत नाही. आमची मधल्यामधे नाहीशी होणारी वीज ते नक्की शोधून काढेल आणि सभेत मला उभं करणाऱ्यांची तोंडं बंद होतील. यातलं एकही खोटं नव्हतं. तरी प्रत्येक वाक्य मनात पुरं झालं की मला ते खोडावंसं वाटत होतं, आणि का ते सांगता येत नव्हतं. नवे मीटर नकोत असं म्हणावं तर तीही लबाडी झाली असती. चोऱ्या आमच्याकडे आहेत. कुठल्या गावात आहेत हेही मला साधारण माहीत आहे.

संचालकांची बैठक झाली. मी लोचोपासून गुलाबी पँटपर्यंत सगळं सांगितलं. लोक हसले. डोंगराचा कागद दाखवला तेव्हा सगळे पुढे वाकले. ताराबाईचं सांगितलं तेव्हाही हसले, पण जरा वेगळं, आणि एक म्हातारे संचालक खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या गावात गिरणी आहे. शेवटी अध्यक्ष मला म्हणाले की पाटील, हे सगळं ठीक आहे, पण घ्यायचे की नाही?

"घ्यायचे," मी म्हणालो.

ठराव झाला. सुरुवात कुठून करायची ते ठरवायला नकाशा पसरला, आणि सगळ्यात जास्त वीज जिथे गळते ती लाइन म्हणून ज्या गावांवर बोट पडलं त्यांत ताराबाईचं माहेर होतं. बोलण्यासारखं काही नव्हतंच, लाइन गळते हे खरं आहे.

आता तिथल्या गिरणीवर नवं मीटर मीच बसवणार आहे. श्रावणात ताराबाई गव्हाची पिशवी घेऊन त्या दारात येईल, तिला तो लाल ठिपका दिसेल, आणि तिथे मी असेन किंवा नसेन. असलो तर काय सांगायचं, हे सुरतेहून आल्यापासून रोज ठरवतोय. अजून ठरलेलं नाही.